उड्या मारल्या म्हणून

माझ्या आजारपणाची हकीकत कुणाला सांगायला लागले की समोरची बाई मला अर्ध्यातच थांबवते आणि विचारते, "पण तुम्ही उड्या कशाला मारत होता?" आता मी बरी होऊन तीन वर्षं झाली. दोन वेळचा स्वयंपाक करते, विहिरीचं पाणी ओढते. तरी हा प्रश्न काही सुटत नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते. पाठ दुखते म्हणून सांगितल्यावर जिला घरात, दारात आणि दवाखान्यात गप्प बसवलं जातं, अशा कुणीतरी हे वाचावं. तिला तरी लवकर उठता यावं.

परसातली टणटण

आमचं घर सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या अंगाला, गावाच्या कडेला होतं. घर दोनच खोल्यांचं, पण मागे परसू मोठं. दगडांचा बुटका गडगा आणि एक कडुलिंब. माझे यजमान ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजात फिटर. त्यांनी एकदा सर्कशीत कसरतवाल्यांना ताणलेल्या कापडावर उड्या मारताना पाहिलं आणि ते त्यांच्या डोक्यातच बसलं. पुढे महिनाभर गॅरेजातून एकेक वस्तू घरी येत राहिली. मोडीत निघालेल्या ट्रकचे पाइप आले, जाड ताडपत्री आली, फाटक्या ट्यूबा आल्या. पाइपांची चौकट जोडली, ताडपत्री दुहेरी शिवली आणि ट्यूबच्या पट्ट्या कापून ती चौकटीला चारी बाजूंनी ताणून बांधली. खाली हातभर खड्डा खणला. आमची मुलगी शकू तेव्हा सहा वर्षांची. तिनं त्या वस्तूचं नाव ठेवलं टणटण. इंग्रजीत तिला ट्रॅम्पोलिन म्हणतात, हे मला पुढे दवाखान्यात कळलं.

कुत्री त्याआधीच आली होती. दुष्काळाच्या साली मंगळवेढ्याकडचा मायाप्पा नावाचा एक धनगर मेंढरं घेऊन गॅरेजाजवळ उतरला होता. यांची त्याच्याशी ओळख झाली. मेंढरांना चारा नव्हता, तर कुत्रीच्या पिलांना दूध कुठलं? दोन पिलं त्यानं यांच्या ओटीत घातली. कारवानी जातीची ती पिलं, लांब तोंडाची, काठीसारख्या पायांची. वर्षभरात माझ्या कमरेच्या वर आली. मादीचं नाव हरणी, नराचं बाण्या. दिवसभर सावलीत पडून राहायची आणि ऊन उतरलं की अंगात वारं भरल्यासारखी परसात फेऱ्या घालायची. बाण्या टणटणीवरून सरळ पलीकडे झेप घ्यायचा. हरणीला मात्र वर चढून उड्या मारायची गोडी लागली. शकू एक उडी मारायची की हरणी दोन. दोघी एकदम आपटल्या की तिसरा माणूस चेंडूसारखा वर जायचा.

तो तिसरा माणूस म्हणजे मी.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. वैरागजवळच्या खेड्यात वाढले, चिंचेवर चढले, कॅनॉलमध्ये पोहले. लग्नानंतर आठ वर्षांत पाय जमिनीवरून उचलले नव्हते. पहिल्यांदा शकूनं ओढून वर घेतलं तेव्हा पदर खोचला आणि एक उडी मारली. वर गेले तेव्हा गडग्यापलीकडचा रस्ता दिसला, शेजारच्या लक्ष्मक्काच्या अंगणात वाळत घातलेलं रंगीत सूत दिसलं. खाली आले तेव्हा मी हसत होते. मग रोजच दिवेलागणीच्या आधी पंधरा-वीस मिनिटं आम्ही खेळायचो. त्या पंधरा-वीस मिनिटांचा मला आजही पश्चात्ताप नाही.

आधीची दुखणी कुणी ऐकली नाहीत

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या चुलीपाशी बसून परसाच्या दारातून हे बघायच्या. त्यांना तेव्हाही खोकला असायचा. "चुलीचा धूर लई झालाय," म्हणायच्या, आणि आम्ही ते खरं मानायचो.

"बाईमानसानं कुत्र्यासंगं नाचायचं," त्या म्हणायच्या. "लोक काय म्हनत्याल?"

"परसात कोण बघतंय?" हे म्हणायचे.

"मी बगतीया की."

आता मुद्द्याचं सांगते. माझी पाठ दुखायला लागली ती उड्यांच्या आधी. पाटा-वरवंट्यावर बसले की खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध खोल कुठंतरी ठणकायचं. सकाळी उठताना अंग लाकडासारखं व्हायचं. संध्याकाळी कसकस यायची. परकराची नाडी महिन्याला दोन बोटं आत जायला लागली. हे सगळं मी सांगितलं होतं, एकदा यांना आणि दोनदा आत्याबाईंना. "बाळंतपणात नीट शेक घेतला न्हाईस," असं उत्तर मिळालं. शकू सहा वर्षांची होती. मी परत पाट्यावर जाऊन बसले.

मग एक दिवस खेळताना बाण्या धावत आला, त्याच्या छातीचा धक्का माझ्या गुडघ्यांमागे बसला आणि मी ताडपत्रीवर बसकी पडले. लागलं फारसं नाही, पण पाठीतून अशी कळ आली की तोंडातून आवाज फुटेना. बाण्या माझं तोंड चाटत उभा राहिला.

त्या क्षणापासून सगळ्या घराला कारण सापडलं. इतके दिवस माझ्या पाठीला कारण नव्हतं म्हणून दुखणंही नव्हतं. आता कारण मिळालं आणि ते माझ्याच अंगावर आलं.

पहिला डॉक्टर

बाजारातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे हे मला घेऊन गेले. त्यांचं नाव सांगत नाही, ते आता हयात नाहीत. मी स्टुलावर बसले, हे खुर्चीवर. डॉक्टरांनी विचारलं ते यांना.

"काय झालंय यांना?"

यांनी टणटणीचं आणि कुत्र्याचं सांगितलं. डॉक्टर खळखळून हसले. कंपाउंडर पडद्याआडून डोकावला, तोही हसला.

"मग दुखणारच. या वयात उड्या मारतात का?"

मी म्हणाले, "डॉक्टर, त्याच्या आधीपासून दुखतंय. संध्याकाळी ताप येतो."

"बायकांना संध्याकाळी अंग गरम वाटतं," ते यांच्याकडे बघत म्हणाले. "काम वाढलं की होतं. मलम देतो, टॉनिक देतो."

तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा त्यांनी माझ्या पाठीला हात लावला नाही. कागदावर लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ मला दिला. आज मला जास्त राग कशाचा येतो असं कुणी विचारलं तर तो हसण्याचा नाही. हात न लावण्याचा येतो. चार बोटं पाठीवरून खाली फिरवली असती तर माझं निम्मं वर्ष वाचलं असतं.

शिक्षा

मलमानं फरक पडेना, तेव्हा आत्याबाईंनी निकाल दिला. कुत्री घरात असतील तर त्या घरात राहणार नाहीत. रविवारी यांनी टणटण मोडली. रबराच्या पट्ट्या एकेक करून सोडल्या, ताडपत्रीची गुंडाळी केली, पाइप परत गॅरेजात नेले. शकू कडुलिंबाला धरून बघत होती. रडली नाही, आणि तिचं ते न रडणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

कुत्र्यांना मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या एका ट्रकमध्ये चढवलं. मायाप्पाकडे परत द्यायची होती. हरणी मुकाट चढली. बाण्याला यांनी उचलून ठेवलं, तो यांचा हात चाटत होता.

"त्यांचा काय दोष?" मी यांना विचारलं.

"आईचं ऐकावं लागतं," हे म्हणाले. "आणि तुझी पाठ बरी होईल."

पाठ काही बरी झाली नाही. मग वैरागच्या बाजूला हाड बसवणारा एक माणूस होता, त्याच्याकडे आत्याबाई मला एस.टी.नं घेऊन गेल्या. त्यानं मला पालथं निजवलं, तेल लावलं आणि मधल्या मणक्यावर गुडघा ठेवून भार दिला. मी ओरडले. "शिर सरकलीया, बसंल आता," तो म्हणाला. त्याच्यावर मी एकवेळ रागावत नाही. त्याला जेवढं येत होतं तेवढं त्यानं केलं. राग त्यांचा येतो ज्यांना जास्त येत होतं आणि ज्यांनी केलं नाही.

चप्पल

पंधरा दिवसांनी दुपारी मी दळण घेऊन येत होते. मागून लक्ष्मक्कानं हाक मारली. लक्ष्मक्का शेजारची, तेलुगू घरातली. घरात माग होते, दिवसभर खटखट चालायची. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी.

"वहिनी, चप्पल माघं राहिली की तुझी."

मी खाली बघितलं. डावा पाय अनवाणी होता. चप्पल वीस पावलं मागं पडली होती आणि तापलेल्या मातीवर पाय ठेवूनही मला ते कळलं नव्हतं.

लक्ष्मक्कानं चप्पल आणून माझ्या पायात घातली. मग ती तशीच उकिडवी बसून माझ्या पायाकडे बघत राहिली.

"आमच्या दिराला असंच झालं होतं," ती म्हणाली. "पाय मेला त्याचा. चल."

"कुठं?"

"मोठ्या दवाखान्यात. आताच."

"घरी विचारते."

"विचारून विचारून सहा महिने झाले तुला," ती म्हणाली. दळणाचा डबा तिनं स्वतःच्या घरात ठेवला, टांगा थांबवला आणि मला आत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी घरी न सांगता कुठंतरी निघाले होते. टांग्याच्या प्रत्येक धक्क्याला लक्ष्मक्काचा हात माझ्या पाठीमागे उशीसारखा होता.

निदानाचा दिवस

सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. जाड भिंगांचा चष्मा, पांढरं लुगडं, आवाज खरखरीत. त्यांनी मला विचारलं, "काय होतंय, तुम्ही सांगा." सोबत घरचं कुणी बोलायला नव्हतं म्हणून विचारलं की त्या तशाच होत्या, ते मला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. उड्यांचंही सांगितलं आणि मान खाली घातली.

त्यांनी मला पाठमोरं उभं केलं आणि मानेपासून एकेक मणका बोटानं दाबत खाली आल्या. एका जागी थांबल्या.

"इथं?"

मला रडू फुटलं. दुखलं म्हणून रडले असं त्यांना वाटलं असेल. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं दुखणं जिथं होतं तिथं बोट ठेवलं होतं.

फोटो काढला. तासाभरानं त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. दोन मणके एकमेकांत चुरल्यासारखे दिसत होते, मलासुद्धा कळलं.

"हाडाचा क्षय आहे हा," त्या म्हणाल्या. "टीबी."

"उड्या मारल्या म्हणून?"

त्यांनी फोटो खाली ठेवला. "उड्या मारून क्षय होत नाही. तो कुणाकडून तरी श्वासातून येतो. तुमच्या हाडात तो निदान वर्षभर आहे. पडलात तेव्हा दुखावलं, एवढंच. आता उडी मारायची नाही हे खरं, पण मारली म्हणून झालं हे साफ खोटं. आणि ही पाठ रगडली कुणी?"

मी सांगितलं. त्यांनी दातओठ खाल्ले. आजच्या आज भरती व्हायचं, आणखी महिनाभर उशीर झाला असता तर दोन्ही पाय गेले असते, असं त्यांनी लक्ष्मक्काला सांगितलं.

संध्याकाळी हे धावत आले. मी सांगितलं, टीबी आहे. ते खाटेपासून अर्धं पाऊल मागे सरकले. लगेच पुढे आले, माझा हात धरला, डोळ्यांत पाणी होतं. पण ते अर्धं पाऊल मी पाहिलं होतं. माणसाला भीती वाटते, मी समजू शकते. तरी ज्यांच्या घरात असं होईल त्यांना सांगते, आजारी माणूस निजलेला असला तरी त्याला तुमचे पाय दिसतात.

छताखालचे महिने

मला प्लास्टरच्या साच्यात उताणं निजवलं, आणि पाच महिने मी तशीच होते. उठायचं नाही, बसायचं नाही, कुशीवर वळायचं तर दोघींनी मिळून वळवायचं. पहाटे फिनेलचा वास यायचा, मग ॲल्युमिनियमच्या पेल्यात चहा, मग उकळलेल्या सुयांचा ट्रे खडखडत यायचा. रोज एक इंजेक्शन. कुल्ल्यांवर टोचायला जागा उरली नाही तेव्हा नर्सबाईच बोटानं चाचपून म्हणायची, "इथं मऊ आहे बघा अजून." गोळ्यांनी मळमळायचं. कानात कुईं आवाज यायचा, तो आजही येतो. पहिले कितीतरी दिवस मला पायाची बोटं हलवता येत नव्हती आणि डॉक्टरीणबाई रोज येऊन म्हणायच्या, "हलवा." मी हलवतेय असं मला वाटायचं, आणि त्या चादरीकडे बघून पुढे जायच्या.

शेजारच्या खाटेवर शांतव्वा होती, अक्कलकोटच्या खालच्या अंगाची. तिचा खुबा मोडलेला. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची. ती बसू शकायची म्हणून हात लांबवून माझी वेणी घालून द्यायची. पाच महिने माझ्या डोक्यात ऊ झाली नाही ती तिच्यामुळे.

घरून डबा यायचा तो वेगळा, कडीला लाल चिंधी बांधलेला. लक्ष्मक्का एकदा सहज बोलून गेली की माझी लुगडी आत्याबाईंनी गाठोड्यात बांधून परसात नेऊन ठेवली आहेत, माझं ताट-वाटी राखेनं घासून वेगळ्या फळीवर ठेवलंय. मी तिला म्हणाले, परत मला असलं काही सांगू नकोस. ती म्हणाली, सांगते, म्हणजे रागानं तरी बरी होशील.

यांच्याशी एकदा मी सरळ बोलले. ते रोज गॅरेजातून येऊन स्टुलावर बसायचे, मोसंबी सोलून द्यायचे.

"तुम्हाला खरंच वाटलं होतं का, उड्यांनी झालं म्हणून?"

"सगळे म्हणत होते."

"मी तुम्हाला विचारतेय."

त्यांनी मोसंबीची साल चुरगाळली. मग म्हणाले, "वाटलं होतं. आणि ती वस्तू मी बनवली होती. म्हणून मला ती लवकर मोडून टाकायची होती." आणि म्हणाले, "मी आईला एकदा तरी अडवायला हवं होतं."

हे त्यांनी आपणहून कबूल केलं. त्यानंतर मी त्यांना कधी बोल लावला नाही.

शकू खिडकीत

लहान मुलांना वॉर्डात येऊ देत नसत. मला मान उचलता येत नव्हती. वॉर्डातल्या आयाबाईंनी एक युक्ती काढली. रविवारी शकूला बाहेरच्या कट्ट्यावर उभं करायचं आणि माझ्या तोंडासमोर घरचा छोटा आरसा तिरपा धरायचा. आरशात खिडकीचे गज आणि मधोमध तिचं तोंड. आयाबाईंना हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. हात दुखेपर्यंत त्या आरसा धरून उभ्या राहायच्या.

तिसऱ्या रविवारी शकू आरशातून म्हणाली, "आई, मी आता कधीच उड्या मारणार नाही. तू घरी ये."

"का गं?"

"आजी म्हणाली, माझ्या हट्टानं तुझी पाठ मोडली."

मी उताणी होते. उठता येत नव्हतं, तिला जवळ घेता येत नव्हतं, आणि ओरडले तर ती आणखी घाबरली असती. माझे हात साच्याच्या कडांवर आवळले गेले. मोठ्या माणसांनी माझ्यावर दोष घातला तो मी सोसला. पण सहा वर्षांच्या लेकरानं इतके दिवस हे मनात घेऊन शाळेत जायचं, जेवायचं, झोपायचं? ज्या घरात आजाराचं नाव कळायच्या आधी गुन्हेगार ठरतो, तिथं शेवटी तो सर्वांत लहान माणूसच निघतो.

डॉक्टरीणबाई फेरीवर होत्या. त्यांनी ऐकलं असावं. त्या बाहेर गेल्या आणि शकूचा हात धरून, नियम बाजूला ठेवून, तिला थेट माझ्या खाटेपाशी घेऊन आल्या. स्टुलावर बसवलं.

"हे बघ बाळ, तुझ्या आईला जंतूंमुळे आजार झालाय. जंतू खोकल्यातून येतात. उड्यांतून येत नाहीत, कुत्र्यांतून येत नाहीत, हट्टातून येत नाहीत. कळलं?"

शकूनं मान हलवली. मग विचार करून म्हणाली, "आजी खोकते."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांच्याकडे.

"किती दिवस खोकते?"

"नेहमीच. चुलीच्या धुरानं. मला मांडीवर घेऊन गोष्ट सांगते तेव्हा पण."

दुसऱ्याच दिवशी यांनी आत्याबाईंना आणि शकूला तपासणीला आणलं. आत्याबाईंच्या दोन्ही फुप्फुसांत डाग होते, थुंकीत जंतू होते. शकूला सुदैवानं काही निघालं नाही, तरी गोळ्या सुरू केल्या. मला हे सांगायला डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. त्याच दिवशी माझ्या उजव्या पायाचा अंगठा चादरीखाली हलला. दोन्ही बातम्या एका दिवशी आल्या आणि मला कशाचं काय वाटावं ते कळेना.

घरी

छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टरचं जाकीट घालून मी घरी आले. आत्याबाई दारात उभ्या होत्या. अर्ध्या झाल्या होत्या. त्यांनी भाकरतुकडा ओवाळला आणि बाजूला झाल्या.

मी दवाखान्यात पडल्या पडल्या काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. आठ दिवस त्यातलं काहीच बोलले नाही. नवव्या दिवशी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "आत्याबाई, तुमचं ताट वेगळं ठेवू का?"

"ठेव," त्या म्हणाल्या.

मी ठेवलं. लगेच वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं, औषध नीट घेणाऱ्या माणसाची भांडी वेगळी करून काही साधत नाही, म्हणून. मी ताट परत फळीवर सगळ्यांच्यात लावलं. ते मायेनं केलं नाही. मला त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं, म्हणून केलं.

हे एकदा ट्रकबरोबर मंगळवेढ्याला जाऊन आले. हरणी मायाप्पाच्या मेंढरांबरोबर होती, तिला पिलं झाली होती. बाण्या तिथं कधी पोचलाच नव्हता. वाटेत ट्रक पाण्याला थांबला तेव्हा त्यानं उडी टाकली आणि आल्या वाटेनं पळत सुटला, एवढं ड्रायव्हरनं सांगितलं होतं. पुढे कुणाला दिसला नाही. आत्याबाईंनी हे ऐकलं आणि उठून आत गेल्या. एका जनावरानं ह्या सगळ्यात जीव गमावला असेल, आणि ज्या गोष्टीची त्याला शिक्षा झाली ती त्यानं केलीच नव्हती. माझ्या पाठीचं काय झालं त्याहून मला याचा राग येतो. मी बोलू तरी शकत होते.

बाकडं

पुढं वर्षभर आम्ही दोघी औषधांसाठी एकत्र दवाखान्यात जायचो. मी ताठ लाकडासारखी, त्या वाकलेल्या. टांग्यात बोलणं नसायचं. दवाखान्याच्या व्हरांड्यात लांब बाकड्यावर शेजारी शेजारी बसायचो. कंपाउंडर विचारायचा, "आधी कोण?" त्या म्हणायच्या, "तिला घ्या." एवढंच.

मी वाट बघत होते. त्या एकदा तरी म्हणतील, चुकलं. कितीतरी महिने वाट बघितली. मग बघायची सोडली.

त्या उन्हाळ्यात एक बाई आमच्या बाकड्यावर येऊन बसली. आत्याबाईंच्याच वयाची, टेंभुर्णीहून आलेली, गुडघ्याच्या दुखण्यासाठी. मांडीवर वर्षभराचं नातवंड होतं. सारखी पदर तोंडाशी नेऊन खोकत होती आणि परत त्याच पदरानं लेकराचं तोंड पुसत होती.

आत्याबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती दिस झालं खोकल्याला?"

"झालं की चार-सा म्हैने. चुलीचा धूर वो, दुसरं काय न्हाई."

"पोर खाली ठेव."

"आं?"

"पोर मांडीवरनं खाली ठेव. आन गुडघा ऱ्हाऊ दे, आदी छातीचा फोटू काढून घे."

त्या बाईला राग आला. "तुमी कोन वो मला सांगनाऱ्या? डाक्टर हाय का?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी बोटानं माझं जाकीट दाखवलं. ब्लाउजच्या आतून प्लास्टरची कड दिसत होती.

"ही माजी सून," त्या म्हणाल्या. "धूर धूर म्हनून मी दोन वर्सं खोकले. ते हिच्या हाडात गेलं. मी दुसऱ्यालाच बोल लावत बसले."

त्या बाईनं लेकराला बाकड्यावर, तिच्या-आमच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवलं. आत्याबाईंनी हात पुढं केला नाही. पदर तोंडावर घट्ट धरून त्या त्याच्यापासून लांब सरकल्या, आणि मला म्हणाल्या, "तू घे त्याला. तुजं हाडातलं हाय, तुज्यापास्नं काय होत न्हाई. मी तिला फोटूची खोली दावून येते."